हे वारं न्हाय

माझ्या अंगात देवीचं वारं येतं, असं सगळं निमगाव केतकी म्हणायचं. मला मात्र शंका होती. ती बोलून दाखवली की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खवळायच्या, "आईला खोटी पाडतीस व्हय?" सकाळपासून मला जांभया सुरू व्हायच्या, मान आखडायची, उगाच गूळ खावासा वाटायचा. मग डोळ्यांपुढे नागमोडी उजेड चमकायचा आणि तोंडातून भलताच शब्द निघायचा. त्यालाच आत्याबाई देवीची भाषा म्हणत. लगेच कपाळभर मळवट, नाकाशी धूप आणि कानाशी हलगी. अर्धं डोकं घण घातल्यासारखं ठणकायचं, मी कण्हत घुमायची आणि लोक पाया पडायचे. उलटीसाठी उठले तरी धरून बसवायचे. आईला गोळ्या चालत नाहीत म्हणून साधी गोळीसुद्धा बंद केली होती. दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नसायचं, तर मी कामचुकार ठरायची. घरात मान देवीला होता, सुनेला नव्हता. मला तेव्हा देवीचाही राग यायचा.

एका मंगळवारी कळसहून आलेली एक अनोळखी बाई पाया पडायला वाकली. कौल मागायचं सोडून तिनं पदरानं माझे डोळे झाकले आणि कानाशी पुटपुटली, "पोरी, हे वारं न्हाय. अर्धशिशी हाय. माझ्या आईला असंच हुयाचं. आधी जांभया, मग उजेड, मग ठणका."

इतक्या वर्षांत माझ्या दुखण्याला कुणी दुखणं म्हटलं नव्हतं. मला रडूच फुटलं. तेवढ्यात आत्याबाईंनी हात जोडून विचारलं, "आई, काय पायजे तुला?"

"हलगी बंद कर. धूप इझव. हिला बारामतीला डाक्टरकडं ने."

आवाज माझाच होता. बोललं कोण, हे मला आजही सांगता येत नाही. हलगी तिथंच थांबली आणि आत्याबाई मला घेऊन निघाल्या.

डॉक्टर याला मायग्रेन म्हणाले. जांभया म्हणजे आगाऊ सूचना, मग उजेड, मग ठणका आणि शेवटी तो गळाठा, असं त्यांनी नीट समजावलं. आता जांभया आल्या की मी सावध होते आणि डोकं धरताच गोळी घेऊन अंधारात पडते.

ती बाई पुन्हा दिसली नाही. दिवा लावताना मी तिचेही उपकार मानते आणि सगळा भार आईवर टाकते. आई, तू माझं ऐकलंस. पण हेच मी सून म्हणून कितीदा रडून सांगितलं होतं. ते माणसांनी ऐकावं म्हणून तुला यावं लागलं, याची चीड अजून जात नाही. तीही तुझ्याच पायाशी ठेवते.