सहाव्या लेनमधले एकतीस मीटर

शाळेत तिला तिच्या नावाने कुणी हाक मारत नाही. पोरी पाठीमागे शिट्टीबाई म्हणतात, तोंडावर नुसतं बाई. बारा वर्षं ती त्या शाळेच्या मुलींना धावायला शिकवते आहे. तेवढ्या काळात शाळेकडे एकोणचाळीस चषक जमा झाले. चषकांचं काचेचं कपाट अध्यक्षांच्या खोलीत आहे, कपाटाची किल्ली अध्यक्षांच्या खिशात आहे, आणि बाई अजून मानधनावर आहे.

पगार वाढतो, आजारपणात चालू राहतो, सुट्टीतही येतो. मानधन यातलं काहीच करत नाही. ते वर्षाचे आठ महिने येतं. बाकीचे चार महिने बाईने हवा खाऊन काढावेत अशी संस्थेची कल्पना असावी.

आणि काम? सकाळी शाळा भरायच्या दोन तास आधी बाई मैदानात असते. खडे वेचते, कुत्र्यांची घाण उचलते, पोरींचे मुरगळलेले घोटे बांधते. स्पर्धेला जाताना बसमध्ये पोरींना बसवून स्वतः उभी राहते. परत आल्यावर शेवटच्या पोरीचे वडील येईपर्यंत फाटकाशी थांबते. छातीवर लावायचे नंबर तिचा नवरा शिवतो. तो शिंपी आहे. उरलेल्या कापडातून रात्री जागून नंबर शिवतो आणि त्याची शिलाई त्याने आजवर लावली नाही, कारण लावायची कुणाला?

बक्षीस म्हणून गेली नऊ वर्षं बाईला दरवर्षी एक सन्मानचिन्ह मिळतं. लाकडी पाट, वर पितळी माणूस हात उंचावून उभा. नऊ वर्षांची नऊ पितळी माणसं घरात आहेत. आठ कपाटावर धूळ खातात. नववा सगळ्यात जड, म्हणून सासूबाई त्याने दार अडकवून ठेवतात.

"एवढं पितळ देतात," सासूबाई म्हणतात, "त्यापेक्षा एक पातेलं दिलं असतं तर भात तरी शिजला असता."

त्या मैदानाचं एक गुपित होतं, आणि ते फक्त बाईला ठाऊक होतं.

गोल फेरीच्या शर्यतीत आतल्या लेनमधल्या मुलीला वळण छोटं पडतं, बाहेरच्या मुलीला मोठं. म्हणून सगळ्यांना एका सरळ रेघेवर उभं करून चालत नाही. दुसरीला थोडं पुढे, तिसरीला आणखी पुढे, असं उभं करावं लागतं, तेव्हा कुठे शेवटी सगळ्यांचं अंतर सारखं भरतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी बाईने तीन दिवस टेप धरून सहाही लेनच्या या जागा मोजल्या. प्रत्येक जागी वीतभर खिळा जमिनीत ठोकला, खिळ्याच्या डोक्याला नवऱ्याच्या दुकानातली लाल चिंधी बांधली आणि वर माती ओढली. दुसऱ्या कुणाला ते खिळे दिसत नाहीत. बाईच्या पायाला बरोबर सापडतात. दर स्पर्धेच्या आधी ती चिंधी उकरते आणि फक्की, म्हणजे चुन्याची पूड, टाकून रेघा मारते. तीन तास लागतात. कंबर मोडते. बारा वर्षांत कुणी विचारलं नाही की बाई, या रेघा येतात कुठून. लोकांना वाटत असेल, गवतासारख्या उगवतात.

यंदा बाईने अर्ज केला. बारा महिन्यांचा पगार आणि सगळ्या कामाचे तास, एवढंच मागितलं. अध्यक्षांनी बोलावून घेतलं. मुख्याध्यापक शेजारी बसले होते, मान हलवायला.

"बाई, खेळ ही सेवा असते," अध्यक्ष म्हणाले. "तिला पैशात मोजू नये."

"मग गणिताचे सर काय हमाली करतात का, साहेब? त्यांना बरं मोजून मिळतं."

"तुम्ही फार बोलता."

"धावायला शिकवते साहेब. लवकर दम लागत नाही मला."

मुख्याध्यापकांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. अध्यक्षांच्या मात्र ते नाकाला झोंबलं. चार दिवसांनी कारकुनाने बाईच्या हातात कागद ठेवला. सही, शिक्का, सगळं. कागदात लिहिलं होतं की मानधन फक्त प्रत्यक्ष शिकवण्याच्या दोन तासांचं. मैदान साफ करणं, रेघा मारणं, प्रवास करणं, मुलींबरोबर थांबणं म्हणजे शिकवणं नव्हे. सबब त्याचा मोबदला मागता येणार नाही.

दुसरी कुणी रडली असती. बाईने तो कागद घरी मोठ्याने वाचून दाखवला. नवऱ्याने मशीनवरचा पाय उचलला.

"परत वाच गं ते. रेघांचं."

"रेघा मारणं म्हणजे शिकवणं नव्हे."

"मग नको मारूस," नवरा म्हणाला. "अध्यक्षांचा शब्द कशाला मोडतेस?"

सासूबाई दारातून म्हणाल्या, "आणि तूही नंबर शिवू नकोस. शिवणं म्हणजे तरी कुठे शिकवणं आहे?"

दुसऱ्या दिवसापासून बाई घड्याळ लावून दोन तास शिकवू लागली. दोन तास संपले की शिट्टी खिशात. खडे पडून राहिले. घाण पडून राहिली. फाटकाशी थांबणं मात्र तिने सोडलं नाही. तिचं भांडण पोरींशी नव्हतं.

तीन आठवड्यांवर आंतरशालेय स्पर्धा होती, यंदा याच मैदानावर. आठ शाळा येणार, मोठे पाहुणे येणार. "रेघांचं बघा," मुख्याध्यापकांनी दबकत सुचवलं. बाईने कागद दाखवला. अध्यक्षांनी मग समारंभाच्या सजावटवाल्याला सांगितलं, झेंड्याबरोबर रेघाही मारून टाक. त्याने एका सकाळच्या कामाचे जेवढे पैसे लावले, तेवढे बाईला दोन महिन्यांत मिळतात. हे कारकुनाने तिला जिन्यात गाठून सांगितलं. सांगताना त्याचाच आवाज चढला. ज्या शाळेला झेंडे लावणाऱ्याला द्यायला पैसे सापडतात आणि शिकवणारीला द्यायची वेळ आली की सेवा आठवते, त्या शाळेने मुलांना न्यायावर निबंध लिहायला सांगू नये.

स्पर्धेच्या सकाळी बाईने मैदान पाहिलं. रेघा देखण्या होत्या, यात शंका नाही. पांढऱ्याशुभ्र, कडक. आणि सुरुवातीची रेघ सहाही लेनमधून एकच, आरपार, सरळ. फोटोत छान यावी म्हणून.

बाईने दोन टेप खिशात टाकले. मुलींची एका फेरीची शर्यत सगळ्यात महत्त्वाची होती. पहिल्या दोघींना पुढच्या मोठ्या स्पर्धेत जागा मिळणार होती. बाईची सगळ्यात चांगली मुलगी, जिला सगळे लांबटांगी म्हणायचे, तिला चिठ्ठी टाकून लेन मिळाली ती सहावी.

सहाही मुली रेघेवर येऊन उभ्या राहिल्या. लांबटांगीने खाली पाहिलं, डावीकडे पाहिलं, मग बाईकडे पाहिलं. हिला बाईनेच शिकवलं होतं वळणाचं गणित.

"बाई, माझी जागा इथे नाही ना?"

सगळं मैदान शिट्टीची वाट बघत होतं, कारण शर्यत सोडायची शिट्टी बाईकडे होती. ते काम तिच्या रोजच्या दोन तासांत बसत होतं. बाईने शिट्टी तोंडाशी नेली आणि तशीच खाली घेतली.

मिनिट गेलं. दोन गेली. मंचावर खुर्च्या करकरल्या. मुख्याध्यापक धावत आले, त्यांच्या मागून अध्यक्ष. दोघांच्या छातीवर फुलं.

"शिट्टी वाजवा! पाहुणे थांबलेत."

"रेघ चुकली आहे, साहेब. सहाव्या लेनच्या मुलीला एकतीस मीटर जास्त धावावं लागेल."

"काहीतरीच. सगळ्यांना एकच रेघ, यात कसला अन्याय? उलट एकदम सारखं आहे."

बाईने खिशातले दोन्ही टेप काढले आणि एकाचं टोक अध्यक्षांच्या हातात दिलं. एवढ्या लोकांसमोर ते टाकून देता येईना.

"चला साहेब. तुम्ही सहावीतून, मी पहिलीतून. चालतच जाऊ, धावायला नको."

"मी? या बुटांत?"

"पोरी अनवाणी धावतात."

पालकांत हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "चला साहेब, घाबरता काय!" आणि अध्यक्ष निघाले. अध्यक्षांचा टेप कारकून उचलून पुढे ठेवायचा आणि मोठ्याने आकडा सांगायचा; बाईचा टेप मुख्याध्यापकांनी धरला. इकडे बाई, तिकडे अध्यक्ष. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर अध्यक्षांनी फूल काढून खिशात ठेवलं, रुमालाने मान पुसली. बाईची फेरी पूर्ण झाली तेव्हा आकडा दोनशे होता. अध्यक्ष अजून शेवटच्या वळणात होते. प्रेक्षकांतली पोरं आता त्यांच्या पावलांबरोबर मोजू लागली होती. ते रेघेवर पोहोचले तेव्हा कारकुनाने सांगितलं, "दोनशे एकतीस."

लांबटांगीची आई मोठ्याने म्हणाली, "म्हणजे माझ्या लेकीलाच जास्त का?"

"बरं, बरं," अध्यक्ष धापा टाकत म्हणाले. "मग मारा ना रेघा, बाई. तुम्हाला येतात तर."

बाईने दुसऱ्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. तो तिने मोठ्याने वाचला, सावकाश, मागच्या रांगेला ऐकू जाईल असा. शेवटी म्हणाली, "सही तुमची आहे. मी आज्ञेबाहेर कशी जाऊ?"

"सोमवारी ऑफिसात या. काहीतरी करू."

"बारा वर्षं सोमवारीच येते आहे मी."

"मुलींचं नुकसान करणार तुम्ही? हेच का तुमचं प्रेम?"

हा घाव बरोबर बसला. लांबटांगी गुडघ्यावर हात ठेवून उभी होती. बाई क्षणभर खिळ्यांच्या दिशेने वळलीही. मग परत फिरली, आणि तिचा आवाज आता चढला नाही, उतरला.

"प्रेमाचं माझं मी बघते, साहेब. प्रेमाच्या नावाखाली माझ्या घरात शिलाईसुद्धा फुकट गेली. पोरींना तुम्ही उभं केलंत चुकीच्या रेघेवर, आणि नुकसान मी करते? लिहून द्या. लगेच रेघा मारते. नुसत्या सुरुवातीच्या रेघांना वीस मिनिटं लागतील."

पालक आता दोरी ओलांडून आत आले होते. अध्यक्षांनी चारी बाजूंना पाहिलं. दुसऱ्या शाळेच्या खेळ शिकवणाऱ्या दोन बाया टाळ्या वाजवत होत्या, त्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होते. शेवटी कार्यक्रमपत्रिकेच्या मागे मुख्याध्यापकांनी लिहिलं: बारा महिने पगार, आणि मैदानाच्या कामाचे तास धरून. अध्यक्षांनी सही केली. कारकून न सांगता शिक्का आणायला पळाला; इतक्या जोरात तो आयुष्यात धावला नसेल.

बाईने कागद दोनदा वाचला, घडी केली, छातीशी ठेवला. मग पायाने जमीन चाचपत चालली. इथे. इथे. आणि इथे. लाल चिंध्या मातीतून वर आल्या. वीस नव्हे, अठरा मिनिटांत रेघा तयार झाल्या. वाकड्यातिकड्या होत्या जरा, पण अंतराला बरोबर.

शिट्टी वाजली. लांबटांगी दुसरी आली. पहिली आलेली दुसऱ्या शाळेची मुलगी खरंच जास्त वेगाने धावली होती, आणि बाईने तिलाही पाठीवर थाप दिली.

पगार सुरू झाला आहे. पण मागच्या बारा वर्षांचं काय, हे विचारल्यावर संस्थेने कानावर हात ठेवले आहेत. बाईचा नवा अर्ज गेला आहे. त्याला नवऱ्याच्या शिलाईचा तक्ताही जोडला आहे. त्या दोन टाळ्या वाजवणाऱ्या बायांनी त्यांच्या त्यांच्या शाळेत तसलेच अर्ज टाकले आहेत. संस्थेच्या वार्षिक अहवालात मात्र त्या दिवसाबद्दल एकच ओळ आहे: स्पर्धेच्या मैदानाचे अचूक मोजमाप माननीय अध्यक्षांनी स्वतः चालून केले.

नवऱ्याने ती ओळ वाचली आणि हसता हसता सुई बोटात टोचून घेतली. बाई हसली नाही. तिने अहवाल अर्जांच्या फाईलमध्ये लावला, पुरावा म्हणून.

"यंदा पितळी माणूस नाही दिला?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही दिला."

"बरं झालं. आपल्याला दुसरं दार कुठे आहे?"