स्क्रीनवरचा उजवा हात

मामाचा उजवा हात मामाच्या आधी मेला.

सोयाबीनच्या मळणी यंत्रात. कोपराच्या वरून गेला.

मामा राहिला. सुदाम मामा, माझ्या आईचा धाकटा भाऊ. पेडगावला मेंढरं आणि थोडी जमीन. आज त्याला जाऊन वर्ष झालं.

हे आजवर कुठं लिहिलं नव्हतं. इंजिनिअर बाई आणि काय सांगायलीय, असं लोक म्हणतील. म्हणू द्या.

त्या हाताचं घरात कुणी नाव काढत नसे. पण नसलेला हात मामाला दुखायचा. जेवता जेवता मध्येच थांबायचा आणि कांता मामीला म्हणायचा,
"मूठ आवळलीय गं. सोडव की."

रिकाम्या बाहीकडं बघत मामी म्हणायची, "कशी सोडवू आवो?"

एका दिवाळीत मी पोरांचा व्हिडिओ गेम पेडगावला नेला. त्याच्यासोबत एक कॅमेरा असतो, टीव्हीखाली ठेवायचा. हातात रिमोट वगैरे काही नाही. तुम्ही समोर उभे राहिलात की कॅमेरा तुमचं अंग ओळखतो आणि स्क्रीनवर एक कार्टून माणूस उभा राहतो. तुम्ही हात उचलला की तोही उचलतो. फुगे फोडायचे, चेंडू मारायचे, नावेला पडलेली भोकं हातापायांनी बुजवायची. अख्खं घर खेळतं.

उन्हात कॅमेऱ्याला नीट दिसत नाही. म्हणून भर दुपारी खिडकीवर घोंगडी टांगली, दार लोटलं.

पोरं खेळून दमली. मामा दारात उभा होता.

"मामा, ये की."

"एका हातानं काय खेळू माय?" म्हणाला, पण आला.

स्क्रीनवर माणूस उभा राहिला.

दोन हातांचा.

सगळ्यांचं हसणं बंद.

मला कारण माहीत होतं. कॅमेऱ्याला एखादा अवयव दिसला नाही की सॉफ्टवेअर तो अंदाजानं काढतं. मी तसं सांगितलंही. कुणी ऐकलं नाही.

मामानं खांदा हलवला. स्क्रीनवरचा हात हलला.

गेम चालू असताना कॅमेरा आपले फोटो काढतो आणि शेवटी दाखवतो. फोटोत मामाची बाही लोंबत होती. बाजूला त्याचं कार्टून दोन्ही हात वर करून नाचत होतं.

दुसऱ्या दुपारी मामा आपणहून आला. "चालू कर बरं ते."

मग रोजच. खेळायचा नाही. नुसता उभा राहून बघायचा.

मामीनं मला चुलीपाशी गाठलं. "बंद कर माय ते. मला भेव वाटायलंय. ते त्यांच्याकडं बघायलंय."

"मामी, नुसतं चित्र आहे ते."

"चित्र असं बघत न्हाई."

मग ती दुपार.

त्या दिवशी थोरले मामाही खोलीत होते. हात गेला तेव्हा मळणी यंत्र चालवणाऱ्या ट्रॅक्टरवर तेच होते. तेव्हापासून दोघं भाऊ एका घरात राहून कामापुरतंच बोलायचे.

मामा स्क्रीनसमोर खांबासारखा उभा. डावा हात कमरेवर. काही हलत नव्हतं.

आणि स्क्रीनवरचा उजवा हात सावकाश वर यायला लागला.

छातीपाशी येऊन थांबला. मूठ उघडली. हळूहळू, एकेक बोट.

"मामा, तू खांदा हलवलास का?"

"न्हाई." त्याच्या कपाळावर घाम होता. "पण कळलं मला. मूठ सुटली."

मग मागं न बघताच त्यानं विचारलं,
"दादा, माझा हात कुठं हाय?"

टीव्हीवर गेमचं ते नाचरं म्युझिक चालूच होतं.

"बांधावर," थोरले मामा म्हणाले. "बोरीखाली पुरला. मीठ घालून. कुत्र्यांनी उकरू न्हाई म्हणून वर धोंडे ठिवले."

"मला सांगितलं न्हाई."

"तू इचारलं न्हाईस. अन् माझ्यात दम नव्हता रे."

तसेच उठून आम्ही सगळे शेतात गेलो. धोंडे जागेवर होते. मेंढरांनी सगळा बांध चरून साफ केला होता. त्या धोंड्यांभोवतीचं गवत मात्र गुडघाभर. त्याला तोंडसुद्धा लावलं नव्हतं.

"बोटं कोणीकडं हायत?" मामानं विचारलं.

"उगवतीकडं."

मामा उगवतीकडं तोंड करून बसला, उजवा खांदा धोंड्यांना लावून. थोरले मामा पलीकडं बसले आणि लहान लेकरासारखे रडले. मामीनं हळद-कुंकू वाहिलं, दहीभात ठेवला. कुणी कुणाला उठा म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेम लावला. मामा समोर आला.

स्क्रीनवरच्या माणसाला उजवा हात नव्हता.

मी बंद करून परत चालू केला. मामाला पुढं-मागं उभं केलं. तेच. पोरांना मात्र दोन्ही हात दिसत होते. अपडेट झालं म्हणावं तर त्या घरात इंटरनेटच नव्हतं.

मामानं रिकामी बाही कमरेला खोचली. मग म्हणाला, "चला. आता खेळू."

एका हातानं त्यानं एवढे फुगे फोडले की पोरं रुसून बसली.

मूठ परत कधी आवळली नाही. दोघं भाऊ जिंतूरच्या बाजाराला एकाच एसटीनं जाऊ लागले.

मागच्या वर्षी आजच्याच दिवशी सकाळी चहा पिताना मामा म्हणाला, "आज दोन्ही हात लय हलके लागायलेत."

मामी म्हणाली, "दोन्ही?"

तो नुसता हसला आणि मेंढरं घेऊन गेला.

दुपारी मेंढरं एकटीच घरी आली.

थोरले मामा शोधत गेले. ओढ्याकाठी लिंबाच्या सावलीत तो निजल्यासारखा पडला होता. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक.

मामा, मामीजवळ आम्ही सगळे आहोत. थोरले मामा आता लय बोलतात, बहुतेक तुझ्याबद्दलच.

सावकाश जा.

तुझ्या भाचीचा रामराम.