कॅथलिक बाईचं भांडण

मिशनचं पार्सल सोडवायला मी तळोद्याहून नंदुरबार स्टेशनावर जायचो. तिथल्या गोव्याच्या कॅथलिक गार्डाने एकदा मला एक पुस्तक वाचायला दिलं. मी ल्युथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, शाळेतला मास्तर, आणि कॅथलिकांविषयी मला सगळं ठाऊक होतं. म्हणजे आमच्या साहेबाने सांगितलं होतं तेवढं.

पुस्तकात कुणा जुन्या काळच्या परदेशी ननच्या कविता होत्या, इंग्रजीत आणलेल्या. बाई देवाला नवराच समजायची. त्याची वाट पाहायची, रुसायची, त्याच्या नुसत्या चाहुलीने मूर्च्छित पडायची. आमच्या गीतांत असला चावटपणा नाही. पहिल्या कडव्यात पाप, दुसऱ्यात रक्त, तिसऱ्यात आभार, चौथ्यात स्वर्ग. चौथं लागलं की पेटीवाला चपला शोधू लागतो.

साहेब, म्हणजे आमचा गोरा पाळक, बायबलावरूनच मराठी शिकलेला. भाजीवालीशीही संदेष्ट्यासारखा बोले. पुस्तक पाहून म्हणाला, "बंधो, याचे खंडन कर." मिशनच्या मासिक सभेत दर खेपेला कुणीतरी निबंध वाचायचा, या खेपेला मी. काम सोपं होतं. ही बाई उपासतापास करून देवाकडे शिडी लावते. आमची शिकवण अशी की माणसाने चढायचं नसतं, देवच खाली गोठ्यात उतरला. शिडीला एक लाथ घातली की निबंध संपला.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. आमची नुकती पाऊल टाकू लागलेली पोर तापाने गेली, आणि तेव्हापासून बायकोने प्रभुभोजन, म्हणजे देवळातली भाकर आणि द्राक्षारस, घेणं सोडलं. आमच्यात रीत अशी की आदल्या शनिवारी पाळकाकडे जाऊन 'उद्या मी प्रभूच्या मेजाशी येणार' असं सांगायचं. ती जाईना. मंडळीतल्या बाया 'प्रभूची इच्छा' म्हणाल्या की उठून चुलीकडे जाई. मला भीती वाटायची. पोर तर गेलीच, आता हीसुद्धा माझ्यासमोर बसल्या बसल्या निघून चालली होती.

तिला हसवावं म्हणून एका दुपारी मी आवाज बारीक करून, हातवारे करत, एक कविता मराठीत सांगू लागलो. ती ज्वारी निवडत होती. कवितेत नन देवावर भडकलेली. तू बोलावलंस म्हणून आले तर तू घरात नाहीस, माझं होतं नव्हतं ते नेलंस, आणि वर स्तुती माझ्याकडूनच मागतोस, असा एकूण सूर.

बायकोचे हात थांबले. "मंग देवनी तिले हाकली नही दिधं?"

"नाही. पुढच्या कवितेत पुन्हा त्याच्याच दाराशी बसलीय."

"आखो वाचा," ती म्हणाली. "पन नक्कल करू नका."

मी सरळ वाचली. पोर गेल्यानंतर ती पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मग मीही.

सभेत मी शिडीची यथेच्छ धुलाई केली. साहेब खूष. त्या भांडणाच्या कवितेबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही, कारण तिचं खंडन मला येत नव्हतं. शिडी चढणारी नन मला आजही पटत नाही. पण देवाच्या नावाने बोटं मोडणारी ती मला पक्की ल्युथरन वाटते. तिच्याकडे देवाला दाखवायला काहीही उरलेलं नाही, आणि देव अशांनाच भेटतो असं आम्हीच तर शिकवतो.

सभेनंतरच्या शनिवारी बायको साहेबाच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे.

"भगिनी, तू आपल्या पापांविषयी अनुतापी आहेस काय?" साहेबाने नेहमीचा प्रश्न विचारला.

"ते मंग देखसू," ती म्हणाली. "उद्या मी येस, साहेब. पन भांडाले येस. देव मन्ही पोर लई गया."

मला वाटलं, आता नोकरी तरी जाते नाहीतर बायकोला हाकलतात. साहेबाने हातातली नोंदवही मिटली. त्याची दोन लेकरं आमच्याच कबरस्तानात होती, आमच्या पोरीच्या शेजारी.

"तर मग पहिल्या बाकावर बस," तो म्हणाला. "माझी पत्नी तेथेच बसते. तीही अद्याप भांडत आहे."