दहा हजार आठवी टाइल

लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण या माणसाने आजवर एकही टाइल कापून बसवली नाही. आमचे हे फरशीवाले. आधी टाइल मोजायच्या, आकडा फोडायचा, इतक्या ओळी गुणिले इतक्या टाइल, आणि मगच सिमेंट कालवायचं. कापलेला तुकडा लावायचा म्हणजे यांना कमीपणा वाटतो. याच हट्टापायी आमच्या ओट्यामागची भिंत नऊ वर्षं उघडी पडली आहे. आकडा जुळत नाही म्हणे! मला तर अगदी वीट आलाय.

गुडघे गेले, म्हणून वाचनालयाची भिंत हे शेवटचं काम. प्रत्येक सभासदाने एका छोट्या टाइलवर आपलं नाव लिहून दिलं होतं. यांनी ग्रंथपालबाईंना शब्द दिला, "एकही नाव सुटणार नाही, कोरी टाइल लागणार नाही, आणि चौकोन पुरा होईल." शब्द आधी दिला, मोजलं नंतर. टाइल निघाल्या दहा हजार सात.

पुढचे आठ दिवस घरात नुसते भागाकार. तीनने भाग जात नाही, सातने जात नाही, तेराने जात नाही. आमटीत मीठ नव्हतं, तेही कळलं नाही. सत्त्याण्णवपर्यंत जाऊन आले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू तो आकडा मीच घरात आणला होता.

"मूळ संख्या आहे. कशानेच फुटत नाही."

"मग एक टाइल ठेवा बाजूला. कोण मोजायला बसलंय?"

"दहा हजार सहाच्या दोनच लांबलचक ओळी होतात. आणि बाजूला ठेवू कुणाचं नाव?"

दुसऱ्या दिवशी सभासदत्वाचे दोन अर्ज घेऊन आले, एक माझा, एक त्यांचा. जन्मभर लोकांच्या भिंती सजवल्या, स्वतःचं नाव कुठेच नाही. बोलले नाहीत कधी, पण ते सलत होतं, मला ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू, मीही खूश झाले. दोघांनी टाइलवर नावं लिहिली. मग हे अर्जाच्या पाठीवर भागाकार करत बसले, आणि तासाभराने पेन्सिल खाली ठेवली.

"दहा हजार नऊ. हीसुद्धा मूळ."

"नेमके हेच दोन आकडे सापडले का तुम्हाला?"

"मधला फुटतो. बहात्तर ओळी, एकशे एकोणचाळीस टाइल."

म्हणजे दोघांपैकी एकाचाच अर्ज द्यायचा, एकाचीच टाइल लागायची.

"तुमचीच लावा," मी म्हटलं. "काम तुमचं आहे."

"बघू," म्हणाले.

रविवारी भिंत खुली झाली. मी त्यांचं नाव ओळीओळीने शोधत राहिले. सापडलं माझं, बरोबर मधोमध, डोळ्यांसमोर. घरी येईपर्यंत मी त्यांना बोल बोल बोलले. मला रडू येत होतं, त्याचाही रागच आला.

घरी आल्यावर त्यांच्या पिशवीतून त्यांची टाइल काढली, उरलेलं सिमेंट कालवलं आणि ओट्यामागच्या उघड्या भिंतीवर ती मी स्वतः बसवली. वाकडी लागली आहे. रोज बघतात, चरफडतात, पण काढायला हात लावत नाहीत.