फोनात काहीतरी सापडावं म्हणून

ये बाई, अशी जवळ येऊन बस. उंबऱ्यात काय उभी राहतं पाहुण्यासारखी? अन् तो फोन ठेव आधी बाजूला. आम्ही बोलायचं अन् तुम्ही मान खाली घालून बोटं फिरवायची, ही कोणती रीत काढली बाप्पा तुम्ही पोरींनी? मी काही फोनाची दुश्मन नाही. मीही भजनं ऐकते, भाचीच्या लेकराचं तोंड पाहते. पण एका फोनापायी माझ्या घरात जे झालं ते ऐकून घे, मग खुशाल उचल.

माझी एकुलती पोरगी नवऱ्याचं घर सोडून नागपूरहून आमच्या सौंसरला आली. काहून आली ते विचारू नको, दंडावरचे वळ मी डोळ्यांनी पाहिले आहेत. आली तेव्हा बोलतच नव्हती. हळूहळू बोलायला लागली. एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, बोरगावच्या कारखान्यात हापिसाचं काम आहे. अर्ज टाकून राहिली मी. कोणाले सांगू नको." मी म्हटलं, "मी कोणाले सांगते व?" तिचा फोन तिथंच फळीवर चार्जिंगला लावलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फोनावर जावई. "काय आई, बोरगावले नोकरी धरून राहिली म्हणे पोरगी? घरी काय कमी होतं तिले?"

जावई तो जावई, किती झालं तरी तोंडातून "हो बापू, नाही बापू" हेच निघालं. फोन ठेवला अन् मागे पाहिलं, तर पोरगी न्हाणीच्या दाराशी उभी. तिनं माझी बाजू तेवढी ऐकली होती. हो बापू, नाही बापू.

तिनं न्हाणीचं दार आतून लावून घेतलं. पुढे ती वकिलाला भेटायला छिंदवाड्याला गेली. हे मला अन् तिलाच ठाऊक. काम आटोपून बाहेर निघाली तर नवरा वकिलाच्या फाटकाशी मोटरसायकल टेकवून उभा, हसून राहिला. कशी घरी पोचली तिचं तिलाच माहीत. आल्या आल्या तिनं विचारलं, "आई, खरं सांग. तूच सांगतं का त्याले?"

"मी सांगितलं असंल तं माझी जीभ झडो!"

"शपथ नको घेऊ. तुह्या आईनंही घेतली होती."

हे मात्र खरं होतं, बाई. आमच्याकडच्या आया हे करतच आल्या. पोरीचा संसार मोडू नये म्हणून जावयाला गुपचूप निरोप धाडायचा, की राग उतरला आहे, बाजाराच्या दिवशी या, घेऊन जा. मी एकदा माहेरी पळून आली होती, तेव्हा माझ्या आईनं हेच केलं. अन् वरून मला म्हणे, देवाशपथ, मी नाही कळवलं. ही गोष्ट मीच पोरीला कितीदा हसत हसत सांगितली होती. तिला हसू आलं नव्हतं, हे माझ्या आत्ता ध्यानात येते.

मग तिलाच वाटलं की फोनात जासूस बसवला असंल. असे प्रोग्राम असतात म्हणे, तुमच्या फोनात बसून तुमचं सगळं दुसऱ्याला पोचवणारे. अन् त्यांना हुडकणारेही प्रोग्राम असतात. हे ऐकलं अन् मला असा जीव आला म्हणून सांगू! लोक तपासणीला जातात तेव्हा देवाला म्हणतात, काही निघू नको दे. मी मोबाइल दुकानाच्या पायरीवर उभी राहून म्हटलं, देवा, निघू दे. चांगलं मोठं काहीतरी निघू दे.

सौंसरच्या त्या दुकानदारानं फोन आपल्या मशीनला जोडला, प्रोग्राम चालवला. हिरवी खूण आली. "मावशी, एकदम साफ आहे. बिनधास्त वापरा."

"नीट पाहा ना भाऊ."

"अवो मावशी, साफ आहे तं साफच म्हणन ना. खोटं सांगू का?"

घरापर्यंत पोरगी माझ्या दोन पावलं पुढे चालली. फोन साफ, म्हणजे सांगणारी मी. तिनं तोंडानं म्हटलं नाही, पण रात्रीची भाजी स्वतः वाढून घेतली अन् आपल्या खोलीत जाऊन जेवली.

मीच हट्ट धरला की पांढुर्ण्याला जाऊ. तिथं एक बाई कॉम्प्युटरचे क्लास घेते, पोरीच्या कॉलेजातली ओळख. तिनं दुसरा प्रोग्राम लावला. लाल लाल ओळी आल्या, मोजल्या तर अकरा! मी खुर्चीवरून उठलीच. "पाहा! मी म्हणत नव्हती?"

"थांबा काकू," ती म्हणाली. तिनं एकेक ओळ उघडली. साऱ्या एकाच ॲपच्या, फोटोत माणसाला गोरं करायच्या. लग्नाच्या वेळी टाकलेलं. "हे जाहिराती पाठवते, बाकी काही नाही. यानं त्याचा एकेक तुकडा वेगळा मोजला म्हणून अकरा दिसून राहिले."

मग तिनं आणखी एक प्रोग्राम चालवला. त्यात एकच ओळ आली.

"अवं बाई," मी म्हटलं, "फोन एक, अन् एक म्हणते काही नाही, एक म्हणते अकरा, एक म्हणते एक. खरं कोण बोलून राहिलं?"

"तिघंही, काकू. प्रत्येक कंपनी आपापली चोरांची यादी ठेवते. ज्याचं नाव यादीत नाही, त्याला ओळखणार कसं?"

"म्हणजे पोलिसाजवळ फोटो नसला की चोर सभ्य?"

"तसंच. अन् चोर कोणाला म्हणायचं हेही प्रत्येकाचं वेगळं. जाहिरातवाल्याला एक गुन्हेगार धरते, दुसरा धरत नाही. कोणाची यादी जुनी असते. कोणी वरवर पाहते, कोणी खोलात जाते. काही तर मुद्दाम घाबरवतात, म्हणजे तुम्ही पैसे भरान."

मला आमच्या वावरातला बहार दिसला. संत्र्याचा बगीचा झाडावरच विकायला काढला की तीन व्यापारी येतात, अन् तिघं तीन अंदाज सांगतात. एक बारीक फळाची चुरी मोजणीत धरते, एक धरत नाही, तिसरा विहिरीच्या पलीकडे जातच नाही. पण तिथं फळ तुटते शेवटी. गाडीत भरते. खरं काय ते उन्हात समोर येते. इथं काय तुटणार होतं?

तिसऱ्या प्रोग्रामनं दाखवलं ते ॲप घरच्यांनी एकमेकांचा ठावठिकाणा पाहायचं होतं. पोरगी ते पाहून म्हणाली, "हे आम्ही दोघांनी मिळून टाकलं होतं. लग्नानंतर. मीच हो म्हटलं होतं." उघड विकल्या जाणारं, मालकिणीच्या मर्जीनं बसवलेलं, म्हणून बाकीच्या दोघांनी त्याला हातच लावला नव्हता.

छिंदवाड्याचं कळलं. फाटकाशी तो कसा पोचला ते कळलं. मी विचारलं, "अन् हे बोलणं ऐकते का?"

"नाही काकू. फक्त कुठं आहे ते सांगते."

"मग बोरगाव?"

ती बाई माझ्याकडे पाहायचं टाळायला लागली. "दुसरं काही असू शकते, जे तिघांच्याही यादीत नाही. नसूही शकते. सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं नसते."

"मग अजून एखादा लावून पाहा ना, बाई. माझ्यासाठी."

तिनं समजावलं की त्यापेक्षा फोन पूर्ण पुसून नवा करा, पासवर्ड सगळे बदला. मी पोरीचा हात धरला. "पुसू नको. पुसलं तं मंग कधीच समजणार नाही."

तिनं हात सोडवून घेतला. "आई, मले त्याच्यापासून सुटायचं आहे. तुले फक्त निर्दोष सुटायचं आहे."

अन् पुसला. मग त्या बाईनं दुकानदाराचाही प्रोग्राम उतरवून घेतला अन् तिन्ही पुन्हा चालवले. तिघांचं पहिल्यांदा एकमत झालं की साफ आहे.

बोरगावला ती गेली नाही. कुठंतरी दुसरीकडे कामाला लागली, गावाचं नाव मला सांगितलं नाही. रविवारी फोन करते. जेवली का, गोळी घेतली का, ठेवते. मी विचारलं तर म्हणते, बरी आहे. एवढंच.

जावयाला तिचा पत्ता अजून लागलेला नाही. सुरुवातीला मला वाटलं, चला, फोन पुसला अन् त्याचे कान बंद झाले, आता तरी तिला माझं पटेल. पण अगं, ज्या दिवशी तिनं फोन पुसला त्याच दिवशी मला सांगणंही बंद केलं. मग त्याचे कान कशानं बंद झाले? हे मला एकदा भाजी निवडताना सुचलं अन् हातातली मेथी तशीच राहिली. तिलाही सुचलंच असेल, ती माझ्याहून हुशार आहे. बोरगाव त्याला कोण्या ओळखीच्यानं सांगितलं असेल, की फोनानं, ते आता कोणताच प्रोग्राम सांगणार नाही. मी मेल्यावरही नाही.

तुला हे सांगितलं कारण तू तिच्याच वयाची. पण तू हे लिहून काढलं, छापून आलं अन् तिच्या हाती पडलं, तर तिच्यासाठी दोन शब्द. पोरी, फोनावर नको बोलू. माझ्यावर भरवसा ठेव असंही मी म्हणत नाही, तो मागून मिळत नसते. कुठं राहतं, काय करतं, काहीच विचारणार नाही. तुझ्या आवडीच्या पाटोड्यांचा रस्सा करीन, बाज अंगणात टाकीन, तू गप्प बस, मीही बसते. पण ये व माय. गुडघे आता उभं राहू देत नाहीत. लवकर ये.