खात्री नसलेले आतोबा

आमच्या आतोबांइतक्या ठामपणे 'मला खात्री नाही' म्हणणारा माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कोपरगावच्या एका शाळेत त्यांनी सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर पुणतांब्याला येऊन राहिले. एसटी कधी येईल असं कुणी विचारलं, तर ते 'येण्याची शक्यता आहे' एवढंच सांगतात. लग्नाच्या पंगतीत जेवण कसं झालंय विचारलं, तर 'आत्तापर्यंत तरी चांगलं' म्हणून पुढची जिलबी उचलतात. आत्याला बघायला आले तेव्हा मुलगी पसंत आहे का, या प्रश्नावर त्यांनी 'हाती असलेल्या माहितीवरून, हो' असं उत्तर दिलं होतं. आत्या ते अजून विसरलेली नाही. "यांची माहिती गोळा करणं चालूच आहे," असं येईल त्या पाहुण्याला सांगते, आणि आतोबाही मान डोलावतात.

मी वाढले नेमकी उलट्या घरात. वडील चळवळीतले. आमच्याकडे पोळ्यांच्या डब्याखालीसुद्धा जुनं पत्रक अंथरलेलं असायचं आणि त्यावरचं प्रत्येक वाक्य 'झालंच पाहिजे'ने संपायचं. त्यामुळे पुणतांब्याला आत्याकडे राहायला आल्यापासून आतोबांचं बोलणं ऐकताना माझा जीव कासावीस होई. गेल्या वर्षी त्यांना पेशीतल्या चरबीचा नाद लागला. भिंग लावून मोबाईलवर वाचत बसायचे आणि जेवताना ते आम्हाला सांगायचे. वरणात तुपाचा थेंब सोडायचे आणि तो तरंगत असेपर्यंत कुणाला घास घेऊ द्यायचे नाहीत. "पेशी अशी चरबी थेंबाथेंबाने साठवते. गरज लागली की थेंब फोडून त्यातली मेदाम्लं, म्हणजे फॅटी ॲसिड, मोकळी करते. ती वेळच्या वेळी मोकळी होत राहिली तर पेशीच्या बेफाम वाढीला, म्हणजे कॅन्सरला, आळा बसत असावा, असं काही शास्त्रज्ञांना वाटतंय." एवढं ऐकलं आणि मी हात धुवायला उठले. त्यांचं वाक्य अजून संपलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

आठवड्याभरात मी पत्रक छापून आणलं. 'चरबी जाळा, कॅन्सर टाळा!' खाली व्यायाम, उपास आणि महागड्या औषधांच्या बाजारावर चार झणझणीत वाक्यं. आठवडे बाजारात उभं राहून ते वाटलं आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी मोठ्या अभिमानाने एक आतोबांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. रागावले नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, "तू अर्धंच ऐकलंस. शेजारच्या पेशींनी सोडलेल्या मेदाम्लांवर गाठच पोसली जाते, असंही दिसतंय. कुठे आळा बसतो, कुठे खतपाणी मिळतं. अजून शोधताहेत. आणि पेशीतल्या या घडामोडी उपास करून आपल्या मर्जीने घडवता येतात, असं तर कुणीच म्हटलेलं नाही." मग त्यांनी पायात चपला सरकवल्या, मला पेन घ्यायला लावलं आणि आम्ही दारोदार निघालो. पत्रक ज्याच्या घरी असेल त्याच्यासमोर मी त्यावर काट मारायची आणि 'माझं चुकलं' हे स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, हा त्यांचा नियम. तोवर मी लोकांना बऱ्याच चुका कबूल करायला लावल्या होत्या. स्वतःची मात्र पहिल्याच दारात इतक्या हळू आवाजात कबूल केली, की आतोबांनी ती पुन्हा म्हणायला लावली.

ओढ्यापलीकडच्या वस्तीवर हिराकाकी राहते. आत्याची जुनी मैत्रीण. तिने पत्रक घडी घालून देव्हाऱ्यात ठेवलं होतं. तिच्या हाताला छातीत गाठ लागली होती, आणि दवाखान्यात जायचं ठरलेलं तिने पत्रक वाचून रद्द केलं होतं.

"दुखत न्हाई वो मास्तर," ती म्हणाली. "सक्काळी गोदामाईपस्तोर चालत जाती, रातचं जेवत न्हाई. चरबी गेली की गाठ बी जाईल. कागदातच हाय की."

आतोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कसंबसं म्हणाले, "काकी, ते खरं नाही. मला यमक हवं होतं."

"तुझ्या यमकापायी मी आठ दिस उपाशी निजले व्हय गं?" असं म्हणून ती हसली. मग हसू ओसरलं. "आन् दवाखान्यात वंगाळच निघालं तर, मास्तर?"

मला वाटलं, आता हे आपलं नेहमीचं 'शक्यता आहे' बोलणार. आतोबा तिच्यासमोर ओट्यावर बसले. "उद्या सकाळच्या गाडीने जायचं," ते म्हणाले. "मी येतो, ही येईल, तुमची मैत्रीणही येईल. गाठ दाखवायचीच. यात दुसरा विचार नाही." त्यांचा असा आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

गाठ कॅन्सरचीच निघाली. लहान होती, म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं आणि पुढचे उपचार चालू आहेत. मी अजूनही पत्रकं लिहिते. फक्त छापायच्या आधी ती आतोबांना वाचून दाखवते आणि वाक्य संपेपर्यंत जागची उठत नाही. आतोबा रोज सकाळी ओढा ओलांडून त्या वस्तीवरून चक्कर मारतात. हल्ली त्यांना चढ लागतो, मध्ये थांबावं लागतं. परवा मी सोबत होते. काकीच्या अंगणाबाहेर, शेवग्याखाली ते उभे राहिले. आत जाईनात, हाकही मारीनात. थोड्या वेळाने आतून काकीचा खणखणीत आवाज आला. शेळीने काहीतरी खाल्लं होतं आणि काकी तिला मनसोक्त शिव्या देत होती. आतोबांनी त्या सगळ्या ऐकून घेतल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही सावकाश घराकडे वळलो.