इंदुमतीचा ऑइल कूलर

विश्वनाथ दामल्यांची साठ वर्षं जुनी विलायती स्पोर्ट्स गाडी दिल्लीतल्या मलकागंजच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. ती दुरुस्त कोण करतं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. विश्वनाथांचा हात थरथरू लागल्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून ते वेताच्या मुढ्यावर बसून हुकूम सोडत आणि त्यांची बायको, इंदुमती, गाडीखाली शिरे.

तिला ती गाडी एकदा चालवायची होती. अठ्ठावीस वर्षं ती आयटीओ चौकाच्या गर्दीतून स्वतः गाडी चालवत ऑफिसला गेली होती. पण हिची किल्ली मागितली की विश्वनाथ म्हणत, "इंजिन तापतं गं. दिल्लीचा उन्हाळा. कधी थांबायचं ते तुला कळायचं नाही."

यंदा मे महिन्यात तिने ऑइल कूलरच मागवला.

"तेल थंड राहिलं की इंजिन तापणार नाही ना?"

"नाही."

"मग पहिली चक्कर माझी."

"बिल्कुल," ते हसत म्हणाले. "आधी बसव तर."

चार सकाळी गेल्या. पुढची जाळी काढून तिने रेडिएटरच्या पुढ्यात कूलर बसवला. नळ्या पत्र्याला घासू नयेत म्हणून भोकांना रबर लावलं. कूलरचं तोंड नाजूक, पिळवटलं की संपलं. म्हणून ते एका पान्याने धरायचं आणि दुसऱ्याने नळी आवळायची.

"हळू! भाकऱ्या थापत नाहीयेस," मुढ्यावरून आवाज आला.

इंजिन सुरू करून, बंद करून, कूलरने पिऊन टाकलेलं तेल तिने वरून पुन्हा भरलं. गळती कळावी म्हणून खाली पसरलेला कागद कोराच राहिला.

रविवारी दोघं हिंदूरावच्या चढाला लागले, स्टिअरिंग विश्वनाथांच्याच हातात. तिथे ही गाडी नेहमी हाय खायची. आज तापमानाचा काटा जागचा हलला नाही.

"वा!" विश्वनाथ म्हणाले. "काय बसवलाय मी!"

वर पोचल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, तशी इंदुमती उतरली, वळसा घालून त्यांच्या दाराशी आली आणि तिने किल्लीसाठी हात पुढे केला.

थरथरत्या हातांनी त्यांनी स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं. "अगं, क्लच जड आहे हिचा."

"मार्चमध्ये मीच नवा बसवलाय. लोण्यासारखा आहे."

"तू बसवलायस म्हणूनच तर भीती वाटते, यार."

तिला हसू आलं नाही. इतकी वर्षं निदान इंजिनाला दोष देता येत होता. तेवढी सोयही तिने स्वतःच्या हातांनी मोडून टाकली होती.

"बस ना आता. लोक बघतायत."

ती उतारावरून चालू लागली. थोडा वेळ गाडी तिच्या चालीने शेजारून रांगत राहिली. मग मागून रिक्षांचे भोंगे वाजू लागले आणि विश्वनाथ पुढे निघून गेले.

ती घरी पोचली तेव्हा बॉनेट उघडं होतं आणि शेजारचे दोघं वाकून बघत होते. "एक थेंब गळत नाही," विश्वनाथ सांगत होते. तिला पाहून ते म्हणाले, "आलीस? जरा तीन कप चहा टाक गं."

तिने चपला काढल्या आणि चहा टाकला.